चिनी बागेतली हाक

गणूने जाळी टाकून तळ्यातलं चिप्सचं पाकीट ओढलं, वर पाहिलं, तर पुलावर त्याची बायको उभी.

जाळी हातातून सुटली. गुडघाभर पाण्यात तो तसाच उभा राहिला. प्रभावती गुहागरजवळ घरी होती. दुबईतल्या या चिनी बागेत तिचं काही काम नव्हतं. गेले तीन शुक्रवार फोन केला की आई सांगायची, ती माहेरी गेलीय, बाजारात गेलीय, विहिरीवर गेलीय. फोनचं कार्ड संपेपर्यंत विहिरीवर कोण बसतं, असं या शहाण्याला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

पूल नागमोडी होता. भुतं सरळच चालतात, असल्या पुलावरून त्यांना येता येत नाही, असं चिनी लोक मानतात म्हणे. फोरमनने पहिल्याच दिवशी हसत सांगितलं होतं. म्हणजे ही भूत नव्हती.

तिच्यासमोर बाबागाडी होती, गाडीत कुणाचं तरी गुबगुबीत बाळ झोपलं होतं. बाळाची टोपी सारखी करताना तिची नजर खाली पाण्याकडे गेली आणि तिने कठडा घट्ट धरला.

“प्रभे? तू?”

“हळू बोला.” तिने लाल खांबांच्या मंडपाकडे पाहिलं. तिथे निळ्या साडीतली एक बाई नवऱ्याकडून फोटो काढून घेत होती. “ताई बघतील.”

“तू हितं कशी?”

“प्रज्ञाला नर्सिंगला घातली. पोरीची फी भरायला बाळ सांभाळायच्या कामावर आलेय.”

“मला सांगितलं नाहीस.”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतंत?”

नसतं दिलं. तिची नजर त्याच्या हिरव्या गणवेशावरून भिजलेल्या पायांवर उतरली.

“एसीत बसता म्हणालात ना?”

चार वर्षं प्रत्येक पत्रात ते ऑफिस होतं. खुर्ची गोल फिरते, असंही त्याने कळवलं होतं. आता तोंड कुठे लपवावं ते त्याला कळेना. त्याने मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि मग त्याला दिसलं. तिचं कपाळ मोकळं होतं. गळ्यातही काही नव्हतं.

“मंगळसूत्र?”

“पेटीत आहे.”

“का?”

ती बाबागाडीचा दांडा पुसत राहिली.

“एजंट म्हणाला, नवरा इथंच आहे कळलं तर कोणी ठेवत नाही. बाई त्याच्याकडे पळून जाते म्हणतात. म्हणून...”

“म्हणून काय?”

“नवरा वारला, असं सांगितलंय.”

ओरडावं, पूल चढून तिचा हात धरावा आणि सरळ घेऊन जावं, असं गणूला वाटलं. पण नेणार कुठे? मजुरांच्या कॅम्पातल्या खोलीत आठ माणसं झोपत होती.

“प्रभा!” निळ्या साडीतली बाई, उर्मिलाताई, पुलाच्या टोकाशी आली होती. “कोणाशी बोलतेयस? एनी प्रॉब्लेम?”

“नाही ताई. आमच्या गावचा आहे.”

“अय्या, मराठी? बरं झालं! रोलमध्ये दोनच फोटो उरलेत. बोलाव ना त्याला, आमचा तिघांचा एकत्र काढू दे. नाव काय त्याचं?”

प्रभावतीचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर वीस वर्षांत त्याचं नाव तिने घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा ती प्रज्ञाला पुढे करायची. आणि ताई सातारच्या. नाव घेताना बाई अडखळली तर त्याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नसता.

गणू पाण्यात उभा राहून तिच्या तोंडाकडे बघत होता.

“गणू,” ती म्हणाली. मग कठड्यावरून वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात, “ए गणू, इकडं ये जरा. ताईंचा फोटो काढ.”

तो तळ्यातून बाहेर आला. हात पँटला पुसले आणि त्या नागमोडी पुलावरून, एकेक वळण घेत, तिच्याकडे चालू लागला.