थोमास सायबाचा गवंडी

"भिंतीला हात लावू नको, सांगून ठेवतो बस्त्याव!" आमचा म्हातारा भर रस्त्यात ओरडला. "चार दिसांनी उद्घाटन हाय तिचा!"

"हात कुठं लावतोय? दोरी लावतोय," बस्त्याव शांतपणे बोलला आणि ओळंब्याची दोरी त्याने वरून खाली सोडली. पितळेचा गोळा हलला, डुलला आणि थांबला. वर दोरी भिंतीला चिकटलेली, खाली गोळा चांगला दोन बोटं लांब. भिंत पुढे झुकली होती.

मी चंद्रावती. आमचा म्हातारा म्हणजे माझा नवरा रामनाथ, बोटीचा नाखवा आणि गावच्या मंडळाचा अध्यक्ष. उत्तनच्या डोंगरउतारावर आमचा पाडा. जून-जुलैत मासेमारीची बंदी, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. बंदीत रिकामा नाखवा म्हणजे खुंट्याला बांधलेला बैल, दिसेल त्याला शिंगं मारतो. त्यात ही भिंत म्हणजे त्याच्या जिवाची. बालवाडीच्या मागे डोंगराची माती घसरते म्हणून मंडळाने नवी बांधून घेतलेली, आंबा रंगाची, वर फुलांची नक्षी.

बस्त्याव गावचा शेवटचा गवंडी. वय अडुसष्ट, डावा गुडघा कामातून गेलेला. त्याच्या घरात चुलीच्या वर संत थोमास सायबाची तसबीर, हातात काटकोन बघायचा गवंड्याचा गुण्या. ह्या ख्रिस्ती लोकांत गवंड्यांचा सायब तोच. म्हणतात, राजाचा महाल बांधायला तो हिंदुस्थानात आला होता. आणि संशयी किती! येजू मेल्यातून उठला असं बाकीचे सांगत होते, तर हा म्हणाला, जखमेत बोट घातल्याशिवाय मी मानायचा न्हाय. तीन जुलैला त्याचा सण. बस्त्याव त्या दिवशी थापी, ओळंबा, गुण्या धुऊन पुसून त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, नेतो, फादर पाणी शिंपडतात. एके काळी वीस गवंडी रांगेत उभे राहायचे. आता हा एकटा.

"रामनाथ, हिला पानी जायाला भोकंच न्हाय ठेवली," बस्त्याव भिंतीवर हात फिरवत बोलला. "मागं माती पानी पिते हाय. फुगलेली माती ढकलनार न्हाय तर काय करनार? आन ही बघ चीर."

"ठेका तुना दिला न्हाय म्हनून तुझं पोट दुखतंय," म्हातारा बोलला. तोंडातून गेलं ते गेलं. मी मागे उभी होते, मलाच लाज वाटली.

ठेकेदार तिथेच मोबाईलवर बोलत होता. जवान पोरगा, काशीगावचा. तो हसला. "चाचा, अब मशीन का जमाना है. ये धागा-वागा घर पे रखो."

बस्त्यावने ओळंबा गुंडाळला, खिशात टाकला आणि लंगडत घरी गेला.

संध्याकाळी मी नातालकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, मीठ मागायच्या निमित्ताने गेले. तिचा पट्टा चालूच होता. "जाव दे ना! तुना कोनी विचारला काय? न्हाय ना? मंग?"

"भिंत काय विचारून पडते काय?" बस्त्याव बोलला. त्याने जुन्या खिडकीची काच आणली, बोटभर पट्टी कापली, वाटीत सिमेंट कालवलं आणि छत्री घेऊन निघाला. ती पट्टी त्याने चिरेवर आडवी चिकटवली. मला म्हणाला, "चंद्राव, भिंत जागच्या जागी असली तर काच जशीच्या तशी ऱ्हाते. हलली तर तुटते. काच खोटं बोलत न्हाय."

दुसऱ्या सकाळी काचेचे दोन तुकडे.

त्याने आमच्या म्हाताऱ्याला दाखवले. म्हातारा म्हणाला, "पोरांनी दगड मारला असल."

"मंग तूच लाव. आन तूच राखन बस."

म्हातारा पण हट्टाचा. आमच्या फुटक्या आरशाची पट्टी काढली, स्वतःच्या हाताने लावली. एक दिवस सुकू दिली आणि पुढच्या सकाळी छत्री, स्टूल, फाटकं जाळं आणि ते विणायची सुई घेऊन भिंतीसमोर ठाण मांडलं. पाऊस नुसता धो धो. बालवाडीत मंदाबाई एकोणीस पोरांकडून गाणं म्हणून घेत होत्या, त्यात आमची नात नेत्रा, तिचा आवाज सगळ्यांच्या वर. मी चहा घेऊन गेले. म्हातारा म्हणाला, "बघ, काय झालं? काय पन न्हाय. मी बोल्लो ना..."

टक्.

एवढासाच आवाज. आरशात म्हाताऱ्याचं तोंड दिसत होतं, त्याचे दोन तुकडे झाले. सुई त्याच्या हातातून गळली. मग असा ओरडला की वादळात बोटीवरसुद्धा मी तसं ऐकलं नव्हतं. "मंदाबाय! पोरांना भायेर काढा! आत्ताच्या आत्ता!"

पोरं नातालच्या घरात नेली. नाताल एकीकडे बोंबलत होती, "माझी सारवलेली जमीन!" आणि दुसरीकडे तांदळाच्या भाकऱ्या मोडून सगळ्यांच्या हातात देत होती.

म्हातारा बस्त्यावच्या दारात जाऊन उभा राहिला. छत्री तिकडेच विसरलेला, नखशिखांत भिजलेला. माफीबिफी काय त्याला जमत नाही. म्हणाला, "पहार कुठं हाय तुझी?"

बस्त्याव उठला. गुडघ्यामुळे त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून तो काठीच्या टोकाने जागा दाखवायचा आणि म्हातारा पहार घालायचा. झुकलेल्या भिंतीच्या पायाशी दोन म्हातारे, एवढ्या पावसात! आणि ह्यांची आपली भांडणं चालू.

"जरा खाली मार."

"खालीच मारतो हाय!"

"तुझं खाली म्हंजे सुरमईचं शेपूट काय?"

पहिलं भोक कोरडं. दुसरं कोरडं. म्हातारा थांबला, मान वर करून भिंतीकडे बघायला लागला. मी म्हणाले, "पुरे, या इकडं." बस्त्याव बोलला, "अजून एक. हितं."

तिसऱ्याला पहार आत गेली आणि लाल गढूळ पाण्याचा लोट असा सुटला की म्हातारा उताणा पडला. तोंडात चिखल, आणि हसतोय! बस्त्यावने धारेत हात घातला आणि नुसता उभा राहिला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. संध्याकाळपर्यंत सात भोकं झाली. पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत वाहत होतं. भिंत तशीच वाकडी, पण उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तीन जुलै. उद्घाटनाची फीत पिशवीतच राहिली. बस्त्याव देवळात निघाला, तर आमचा म्हातारा पहार धुऊन खांद्यावर टाकून त्याच्या मागे. फादरांनी विचारलं, "नाखवा, तुम्ही कसे?"

बस्त्याव बोलला, "असू द्या फादर. स्वतःच्या डोल्यानं बघितल्याबिगर मानत न्हाय. आमच्या सायबाच्याच घरान्यातला हाय."

फादर हसले आणि पहारेवर दोन शिंतोडे जास्त उडवले.

बालवाडी पाऊस संपेपर्यंत देवळाच्या हॉलमध्ये भरली. ऑक्टोबरात ठेकेदाराने भिंत पाडली आणि पायापासून पुन्हा बांधली. बस्त्याव समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. कामगार दर थराला विचारायचे, "चाचा, ठीक है?" आणि हा दिवसातून सात वेळा म्हणायचा, "नहीं." ठेकेदार आधी चिडायचा, मग खुर्चीशेजारी उकिडवा बसून विचारायला लागला. शेवटच्या दिवशी त्याने मान खाली घालून विचारलं, "चाचा, काशीगाव में मेरा दूसरा काम है. आओगे?"

आता रोज सकाळी पाड्याच्या तोंडाशी गाडी येते. परवा मी गेले तर नातालचा पट्टा चालू. "लोकांचे नवरे ह्या वयात घरी बसतात. माझा कामावर जातो! आन मी डबा भरते!" कुरकुर चाललेली, पण हात तव्यावर. डब्यात बोंबलाच्या चार तुकड्या टाकल्या.

"चार?" मी म्हणाले. "बस्त्याव तर दोनच खातो."

"दोन त्या ठेकेदाराला," नाताल डब्याचं झाकण दाबत बोलली. "पोर नुसत्या वडापाववर भिंती बांधतो हाय, मंग त्या सरल कशा ऱ्हातील?"