रिपोर्ट मी वाचीन

माय मरो, मावशी उरो म्हणतात. तिची मावशीही उरली नाही. आईच्या पाठोपाठ छातीतल्या तसल्याच गाठीने तीही गेली. म्हणून तिने घरच्या डॉक्टरकाकांकडे जनुकांच्या तपासणीची चिठ्ठी मागितली.

“कशाला उगाच जिवाला घोर?” काका म्हणाले. “धडधाकट आहेस. खा, पी, हस.”

“चिठ्ठी लिहा, मग हसते.”

“हट्ट नको गं पोरी. बाहेर पेशंट ताटकळलेत.”

“ताटकळू देत.” तिने पर्स मांडीवर घेतली आणि ती खुर्चीत ऐसपैस बसली. बाहेर कुणीतरी मुद्दाम खोकलं.

काकांनी चष्मा काढला. “तुझ्या आईला मीच सांगितलं, मावशीलाही मीच. आता तुझा रिपोर्ट वाचायचं बळ नाही माझ्यात.”

तिचे डोळे भरून आले, पण ती जागची हलली नाही.

“मग वाचू नका. भीती तुमची असेल काका, रक्त माझं आहे. मी वाचीन, तुम्ही नुसते ऐका. ती गाठ दबक्या पावलांनी घरात शिरेपर्यंत मी डोळे मिटून बसणार नाही.”

काकांनी पेन उचललं. सही होईपर्यंत ती उठली नाही.