संहितेबाहेरचा रोगी

अलेक्झांड्रियातल्या आमच्या स्मृतिविकार विभागात शिकाऊ डॉक्टरांची परीक्षा खऱ्या रोग्यांवर घेत नाहीत. खरे रोगी परीक्षेच्या दिवशी नेमके शहाण्यासारखे वागतात. म्हणून रोग्याचं काम नट करतात आणि त्यांच्या भूमिका मी लिहितो. उभा जन्म मंत्र्यांच्या विसरभोळेपणावर सदर लिहून निवृत्त झालेल्या माणसाला याहून साजेसं काम कोण देणार?

शुक्री बर्सूम हा आमचा हुकमी रोगी. विनोदी रंगभूमीवर नाव काढलेला. आमच्याकडच्या विनोदी नटाला संहिता म्हणजे नुसती सूचना वाटते. पदरचं घातल्याशिवाय ना त्याला चैन, ना प्रेक्षकांना. एकदा त्याने मी लिहिलेल्या विसरभोळ्या मास्तरला परस्पर दुसरी बायको देऊन टाकली, आणि एका होतकरू डॉक्टरने तिलाही तपासायला बोलावलं.

त्या दिवशी डॉक्टर इनास खलफल्लाची शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा होती. एकदा गचकली होती. पुन्हा गचकली की या विभागाला रामराम. प्राध्यापक सरवत गुण द्यायला बसले, शेजारी मी, मागच्या बाकांवर बाकीचे शिकाऊ.

भूमिका सोपी होती. ट्रामचा म्हातारा कंडक्टर, बायको गेल्यापासून उदास. प्रत्येक प्रश्नाला आधी ‘माहीत नाही’ म्हणणार, पण धीर दिला की सगळं बरोबर करून दाखवणार. म्हणजे स्मृती शाबूत, मन खचलेलं. एवढं ओळखलं की इनास पास.

“काका, आज वार कोणता?”

“कंडक्टरला वार विचारता, डॉक्टरीणबाई? गर्दी रोज तीच!”

बाकांवर हशा. हे वाक्य माझं नव्हतं, पण माझ्यापेक्षा बरं होतं, म्हणून मी गप्प राहिलो.

“बरं, या कागदावर एक घड्याळ काढा बघू.”

इथे शुक्रीने कुरकुरत का होईना, नीट घड्याळ काढायचं होतं. त्याने गोल काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला कोंबले. डावी बाजू कोरी.

“डावीकडे काहीच नाही का, काका?”

“डावीकडे? तिकडे काय असतं?”

सगळे खदखदून हसले. सरवत डोळे पुसत माझ्याकडे वळले. “उस्ताद, हे तुमचं?”

“छे! त्याच्या पदरचं.”

“गेला संहितेबाहेर! म्हातारा जन्मात सुधारायचा नाही.”

एकटी इनास हसली नाही. मला वाटलं, पोरीला विनोद कळत नाही.

“काका, डोळे मिटा. दोन्ही हात पुढे करा, तळवे वर. थाळी धरल्यासारखे.”

उजवा हात थाळी धरून राहिला. डावा हळूहळू आतल्या बाजूला वळला आणि खाली उतरू लागला. शुक्रीच्या चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नव्हता.

“सर, मी परीक्षा थांबवते आहे.”

“अगं, तुझं निदान सांग आणि मोकळी हो.”

“संहितेतल्या माणसाचं निदान सोपं आहे. मला या माणसाची काळजी वाटते.”

“या परीक्षेत दुसरा माणूसच नाही, इनास. आता थांबवलीस तर नापास धरावं लागेल.”

“धरा. हा हात त्यांना कुणी शिकवला ते आधी सांगा.”

सरवतांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला स्वतःलाच असं काही असतं हे ठाऊक नव्हतं, तर मी लिहिणार कुठून? बाकांवरचं हसू विरलं.

इनास शुक्रीजवळ खाली बसली. “उस्ताद शुक्री, नाटक संपलं. आता तुम्ही तुम्हीच. हल्ली डोकं आपटलं होतं का कुठे?”

“माझं? नाही बुवा. दुखतं मात्र सारखं.”

“आपटलं होतं!” मी ओरडलो. काही आठवड्यांपूर्वी, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, त्याने बाल्कनीतून दोरीची टोपली खाली सोडली होती आणि मी तिच्यात त्याचे शिजवलेले वाल ठेवले होते. टोपली वर ओढताना त्याचं टाळकं खिडकीच्या झडपेवर दाणकन बसलं. वरून त्याने मला अस्सल चार शिव्या हासडल्या, तेव्हा मी समजलो, प्रकृती ठणठणीत आहे.

“स्कॅनला न्या, आत्ताच,” सरवत म्हणाले, आणि चाकांची खुर्ची स्वतः ढकलत निघाले.

उजवीकडे कवटीच्या आत रक्त साचून मेंदूला दाबत होतं, म्हणूनच त्याची डावी बाजू हरवत चालली होती. त्याच संध्याकाळी कवटीला भोक पाडून ते काढलं.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तर सरवत सगळ्या वर्गाला घेऊन खाटेभोवती उभे. अर्धं डोकं भादरलेला शुक्री दोन्ही हात पुढे करून बसला होता. डावा हात आता उजव्याइतकाच स्थिर होता, खाली उतरत नव्हता.

“पाहिलंत?” सरवत वर्गाला म्हणाले. “परवा मी हसलो, आणि तुम्हीही हसलात. डॉक्टर इनास पास आहेत. बाकीच्यांची परीक्षा मी पुन्हा घेणार आहे.”

“आणि तुमची कोण घेणार, प्राध्यापकसाहेब?” शुक्रीने विचारलं.

सरवतांनी इनासकडे बोट दाखवलं. “त्याच घेतील,” ते म्हणाले.

शुक्री इनासकडे वळला. “पोरी, माझ्या विनोदाला न हसणारं माणूस मी आजवर थिएटरबाहेर काढायला लावत आलो. तू मात्र पहिल्या रांगेत बसत जा.”