बिनशिक्क्याची बारी

“ताई, हे फाइली वाटायचं सॉफ्टवेअरच चोरीचं असतं. फुकट सिनेमे ढापायला वापरतात लोकं,” राउटरची वायर हलवत केबलवाला सत्यम म्हणाला.

“मी काय ढापतेय मग?” सारिकाने स्क्रीनकडे बोट केलं. “ह्या शर्यती मी शूट केल्यात. माझंच मी वाटते. चोरी कुणाची झाली?”

सत्यमने वायर पुन्हा खोचली.

कामशेतच्या बाजारात सारिकाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी करता करता ती बैलगाडा शर्यतींच्या घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या चढाच्या कडेला, कॅमेरा घेऊन उभी राहू लागली. लोक आधी हसले, मग सरकून जागा देऊ लागले. पुढे एका मोठ्या चॅनेलने तिच्या चॅनेलवरचे व्हिडिओ उचलले, त्यांवर आपल्या नावाचा शिक्का मारला आणि वर तिच्याचविरुद्ध चोरीची तक्रार केली. तिचं चॅनेल एका सकाळी बंद.

रडून झाल्यावर तिने मूळ चित्रीकरण थेट वाटायला ठेवलं. मध्ये कुणाचं चॅनेल नाही. एका कॉम्प्युटरवरून सरळ दुसऱ्यावर, आणि ज्याने घेतलं तोही पुढे देणार. गावोगावी पोचल्यावर बंद कोण करणार? बैलमालकांच्या घरोघरी तिने लिंक पाठवली. पण एकालाही काही मिळालं नव्हतं. स्क्रीनवर रोज तेच : जोडलेले कॉम्प्युटर शून्य. बाहेरच्याला अडवणारी फायरवॉल बंद करून झाली, आत यायचा पोर्ट बदलून झाला.

बाकावर आंदर मावळातले कोंडूआबा बसले होते. त्यांचा शर्यतीचा बैल, चिमण्या, नुकताच गेला होता. त्याच्या बाऱ्या, म्हणजे घाटातल्या धावा, सारिकाच्या चित्रीकरणात होत्या.

“त्या बाऱ्या पेनड्राइव्हमधी देते की, आबा,” सारिका म्हणाली.

“दे. पर माज्या एकट्याच्या खिशात ठिवून काय करू? माजी लेक निर्मला म्हनती, समद्यांना मिळाय पायजे. मोबाइलवर हाय त्यात निस्तं त्या चॅनेलचं नाव. बैल दिसतच न्हाई.”

सत्यमने शेवटी खरं सांगितलं. “ताई, आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून इंटरनेटचा एकच पत्ता आहे. तुम्हाला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला तुमच्यापर्यंत येता येत नाही. समोरच्याचंही तसंच असेल तर दोन्ही दारं बंद.”

“एक उघडलं तर?”

“मग जमेल. पण स्वतंत्र पत्ता लागतो.”

निर्मला वराळ्याला राहायची. सारिकाने तिला फोन लावला. घरातले कॅमेरे बाहेरून बघता यावेत म्हणून तिच्या नवऱ्याने तसा पत्ता घेतलेला होता. सत्यम तिला राउटरमध्ये काय उघडायचं ते सांगू लागला.

तेवढ्यात सारिकाचा दुसरा फोन वाजला. चॅनेलवाला.

“मॅडम, व्हिडिओ आमचे आहेत एवढं मेलवर लिहून द्या. तक्रार लगेच मागे घेतो. तुमचं चॅनेल, सबस्क्रायबर, सगळं परत.”

सारिकाला लग्नाच्या ऑर्डरी तिच्या त्या बंद पडलेल्या चॅनेलवरूनच यायच्या. या हंगामात दुकान रिकामंच होतं.

“घाटात उन्हात कोण उभं होतं, तुम्ही?” ती म्हणाली.

“भावनेवर जाऊ नका. नवीन चॅनेल काढलंत तरी बंद पाडू.”

“पाडा. आता घराघरात जाणारे हे. किती घरं बंद पाडता, तेही बघते.”

तिने फोन ठेवला.

“ताई,” सत्यम ओरडला, “आलं!”

शून्याच्या जागी एक झाला होता. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. चहा आला, संपला. मग निर्मलाचा फोन आला. सारिकाने स्पीकर लावला. पलीकडे घाटातला कल्ला, निवेदकाचा भोंगा, हलगी, आणि त्या सगळ्यावरून एका बाईचा फाटका आवाज : “पळ चिमण्या! सोडू नगंस!”

“सारिकाताई, ही मागं कोण बाई वरडतीय?” निर्मलाने विचारलं.

सारिकाचे कान तापले. बाई घाटात ओरडते हे बरं दिसत नाही, म्हणून चॅनेलवर टाकताना हा आवाज ती दर वेळी काढून टाकायची. मूळ चित्रीकरणात तो तसाच राहिला होता.

“मी,” ती म्हणाली. “मीच ती.”

कोंडूआबा बाकावरून उठले आणि फोनच्या अगदी जवळ वाकले.

“निर्मला,” ते म्हणाले, “आवाज वाढीव.”