मंगळवारची पोच

आमच्या कचेरीत निनावी अर्जाला आवक क्रमांक मिळत नसे. ठाण्याच्या त्या सरकारी कार्यालयात मी एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं, आणि खाली सही नसलेला एकही कागद साहेबांच्या टेबलापर्यंत जाऊ दिला नाही. ‘निनावी, सबब दप्तरी दाखल’ एवढं लिहायचं आणि विषय बंद. ज्याला स्वतःचं नाव सांगायची हिंमत नाही त्याचं ऐकायचं कशाला, हे माझं सरळ म्हणणं. निवृत्त झालो तरी ते तसंच राहिलं.

म्हणून डोंबिवलीच्या घरी टॅबवर ते मेल यायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं. कर्ज घ्या, गुडघेदुखी घालवा, तुम्हाला लॉटरी लागली. पाठवणाऱ्याच्या जागी कधी नुसतं ‘तुमचा मित्र’, कधी तेही नाही. ब्लॉक करायला जावं तर ब्लॉक करायला पत्ताच नाही! रोज सकाळी चाळीस-पन्नास. माझी बायको शेवंती म्हणायची, “अहो, नका बघू. कशाला रक्त आटवताय?” पण माझ्या नावाच्या पेटीत कुणीही तोंड लपवून काहीही टाकून जावं, हे मला सहन होईना.

गणपती झाल्यावर मी बसून उपाय शोधून काढला. मेलमध्ये नियम घालता येतो. पाठवणाऱ्याच्या रकान्यात पत्त्यातलं ते ‘ॲट’चं चिन्ह नसेल, तर मेल समोर यायचाच नाही, परस्पर कचरापेटीत जायचा आणि तीस दिवसांनी आपोआप नष्ट व्हायचा. दोन तास डोकं खाजवलं, पण जमवलं. दुसऱ्या दिवशी पेटी लख्ख. शेवंतीला काही सांगितलं नाही. तिला त्यातलं काय कळणार, असं मला वाटायचं.

आता योगिनीबद्दल सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने साईनाथशी लग्न केलं. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, पण जात वेगळी, आणि मला न विचारता केलं. नमस्काराला आली तर मी दारातूनच परत पाठवली. वर शेवंतीला माझी शपथ घातली. तिला फोन करायचा नाही, तिचा आला तर बोलायचं नाही, या घरात तिचं नाव काढायचं नाही. शेवंती संगमेश्वरकडची. नवऱ्याची शपथ मोडली तर ती त्याच्या जिवावर येते, असं मनापासून मानणारी. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी शपथ घातली. लिहिताना लाज वाटते.

दिवाळीच्या सुमारास शेवंती खंगायला लागली. हृदय आधीपासून कमजोर होतंच, पण आता जेवणावरची वासनाच गेली. दुपारी मी आडवा झालो की ती टॅब घेऊन बसायची, रेसिप्या बघते असं मी धरून चाललो होतो. हल्ली बसायची आणि लगेच ठेवून द्यायची. एकदा तिने विचारलं, “अहो, आपले मेल नीट येतात ना?”

“येतात की. कामाचं सगळं येतं.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काही उपयोग झाला नाही. मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी पहाटे ती गेली. माझा भाऊ परशुराम कळव्याहून आला होता. त्याने हळूच विचारलं, “दादा, योगिनीला कळवूया ना रे?” मी म्हणालो, “जो कळवेल त्याने माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही.” समोर बायको निजवलेली होती आणि मी हे बोललो.

तेरावं उरकलं. मृत्यूचा दाखला मेलवर यायचा होता, तो येईना. माझ्याच नियमात अडकला असेल म्हणून सोमवारी कचरापेटी उघडली. दाखला तिथेही नव्हता. शेकडो जाहिरातींत चार मेल मात्र मराठीत होते, चारही मंगळवारचे, दुपारी अडीचचे. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. त्यातला सगळ्यात जुना उघडला.

‘आई, याही मंगळवारी पोच नाही. दहा मंगळवार झाले. बाबांना कळलं का गं? तू माझ्याशी बोलली नाहीस, माझं नाव घेतलं नाहीस, मीही खाली नाव लिहीत नाही, पत्ताही लपवूनच पाठवते. शपथ कुठेच मोडलेली नाही. मेल वाचून पुसायचा, पोच म्हणून एक रिंग देऊन फोन ठेवायचा, एवढंच तर आपलं. तुझ्या फोनमध्ये मी अजून गिरणीवाला म्हणूनच आहे ना?’

पोच हा कचेरीतला शब्द. तो तिने माझ्याच तोंडून ऐकलेला. म्हणजे एवढी वर्षं दर मंगळवारी त्या मायलेकी पत्रं लिहीत-वाचत होत्या, आणि मी शेजारच्या खोलीत घोरत होतो.

दुसऱ्या मेलमध्ये होतं की खडवलीला घर घेतलंय, शिवानीचा पहिला दात पडलाय, आजीला दाखवायला डबीत ठेवलाय. नात आहे हे मला तेव्हा कळलं. तिसरा आला तेव्हा शेवंतीला जाऊन चार दिवस झाले होते. चौथा असा होता, ‘आई, परवा रविवारी डोंबिवली स्टेशनपर्यंत आले आणि परत फिरले. मी दिसले तर बाबा तुलाच बोलतील. फक्त एक रिंग दे. दुसरं काही मागत नाही.’ त्या रविवारी आम्ही दहावं करत होतो.

शेवंतीने आपणहून रिंग का दिली नाही, याचा मी खूप विचार केला. पोच द्यायला आधी पत्र यावं लागतं. पत्राशिवाय रिंग दिली तर तो फोन झाला, शपथ मोडली. तीन महिने ती दर मंगळवारी रिकामी पेटी बघत राहिली. लेक आपल्याला विसरली असं समजली, आणि तसंच समजून गेली. गणपतीच्या आधीच्या सहा वर्षांतला एकही मेल तिने ठेवला नव्हता, आणि नंतरचे मी नष्ट केले होते.

मी तो नियम काढून टाकला. उत्तर लिहावं तर पत्ता नव्हता. शेवंतीचा फोन कपाटात होता. चार्ज केला, गिरणीवाला शोधला आणि नंबर लावला. काय बोलायचं ते मनाशी दोनदा म्हणून घेतलं होतं. पण पलीकडे एक रिंग वाजली आणि माझा धीर सुटला. मी फोन कट केला.

आपण काय केलं हे माझ्या लक्षात आलं नाही. पाच मिनिटांत टॅब वाजला. पाठवणाऱ्याची जागा रिकामी.

‘आई! आली पोच! आज मंगळवार नाही तरी दिलीस. मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले गं. नाही नाही ते मनात आणलं होतं. तू बरी आहेस, बास. आता कितीही मंगळवार चुकले तरी मी घाबरणार नाही.’

तीनदा वाचलं. ती तिकडे आनंदात होती, तीन महिन्यांनी पहिल्यांदा, आणि तो आनंद मी दिला होता. गप्प बसलो असतो तर तो तसाच राहिला असता, माझ्या मनात तेही येऊन गेलं. मग पुन्हा नंबर लावला. या वेळी कट करायचा नाही म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतले.

रिंग वाजत राहिली. आईला घातलेली शपथ मोडू नये म्हणून ती उचलत नव्हती. मी दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा तिने उचलला. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. मी फोनवर वाकलो.

“आई,” ती शेवटी म्हणाली, “बोल ना गं.”