मांडवीचा लॅपटॉप आणि कच्च्या हापूसचं बातमीपत्र

मित्रांनो, रत्नागिरीतल्या मांडवीच्या गल्लीत भंगारवाला आला की खिडकीतून डोकावून ज्याच्याकडे आशेने बघतो, तो जुना लॅपटॉप म्हणजे मीच. मेल्याची नजर वाईट! अजून चालतो मी. जरा कण्हतो, जरा तापतो, पण चालतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते अंधेरीतलं एक थंडगार ऑफिस. तिथे संदेश नावाचा रत्नागिरीचा मुलगा माझ्यावर काम करायचा. तेव्हा माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू! मऊ कापडाने पुसायचे मला. पुढे ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि संदेशने मला स्वस्तात घेऊन गावी आणलं, बायकोसाठी. तोवर माझी बॅटरी म्हातारी झाली होती. वायर काढली की जेमतेम चहा उकळेपर्यंत तग धरायचो.

संदेशची बायको निशिगंधा. पोर मोठी चिकाटीची. सासऱ्यांची सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, हापूसची बाग. आंबा दरवर्षी दलालाच्या टेम्पोत जायचा आणि पुढे तो कोणी खाल्ला, कसा लागला, काही कळायचं नाही. निशिगंधाला ते डाचायचं. तिने माझ्यावर दुकान उघडलं. थेट बागेतून घरी पेटी, मुंबई, पुणे, नागपूर, कुठेही. पहिल्या वर्षी लोकांनी हौसेने आंबे घेतले. दुसऱ्या वर्षीही घेतले, पण मागाहून बोलणी ऐकवली. आणि यंदा? यंदा शुकशुकाट.

गिऱ्हाइकांना बांधून ठेवायला ती दर आठवड्याला मेलवर बातमीपत्र पाठवायची. आता खरं बोलू का? अगदी भिकार असायचं ते. कुठल्याशा व्हिडिओत बघून तिने त्यात समुद्र घातला, माड घातले, लाल पट्टीत ‘धमाका’ घातला. कोकम, फणसपोळी, काजू, सगळं एकाच पानात कोंबलं. वर मथळा काय, तर ‘बातमीपत्र क्रमांक पाच’. सांगा बरं, असलं पत्र कोण उघडेल? मला आतून दिसायचं ना, लोक न उघडताच पुसून टाकत होते. पण मला तोंड कुठे आहे?

त्या दिवशी सकाळी आंब्याच्या भरलेल्या पेट्या घरात रचून ठेवल्या होत्या. सासरे आत्माराम, त्यांना ती अण्णा म्हणते, दारातच उभे राहून म्हणाले, “संध्याकाळी रावजी टेम्पो घेऊन येतोय. तोवर तुझ्या गिऱ्हाइकांनी काय घेतलंनी तर ठीक. नायतर सगळा आंबा त्याला. आणि पुढल्या वर्षापासून ह्यो उद्योग बंद. ऐकलंस गो?”

“ऐकलं,” ती म्हणाली. आणि एखादी ऑर्डर आली का, ते माझ्यावर पुन्हा बघू लागली.

सहावं बातमीपत्र तिने नाश्त्यालाच पाठवलं होतं. दुपार झाली तरी एक पेटी गेली नाही. उत्तर आलं ते एकच, नागपूरच्या मथुरा गाडगे यांचं. ‘माझं नाव काढून टाका. दगड विकणाऱ्यांची पत्रं मी वाचत नाही.’

निशिगंधाने ते वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं. तिने सरळ फोन लावला आणि माझ्याशेजारी ठेवला, आवाज मोठा करून.

“ताई, मी रत्नागिरीहून निशिगंधा. आमच्या आंब्याला तुम्ही दगड म्हणालात?”

“मग काय म्हणू?” पलीकडून आवाज कडाडला. “गेल्या वर्षी बाबांच्या पंचाहत्तरीला पेटी मागवली. हिरवीगार निघाली! आठवडाभर फ्रिजमध्ये जपून ठेवली. पिकले तर नाहीतच, सुरकुतले नुसते. पाहुण्यांच्या पानात मी काय वाढलं असेल?”

“फ्रिजमध्ये? कच्चा आंबा?”

“इथलं ऊन पाहिलंय का कधी? बाहेर ठेवून सडवू का? आणि तुम्ही सांगितलं होतं का, कसा ठेवायचा ते?”

नव्हतं सांगितलं. कधीच नव्हतं. इथे कोण कोणाला सांगतं? आंबा उतरवला की गवतात अढी घालून पिकवायचा, हे कोकणातल्या पोराला चालायच्या आधी कळतं. पाणी ओलं असतं हे कोणी पत्रात लिहितं का? “चुकलं हो ताई,” एवढंच ती कशीबशी बोलली आणि फोन ठेवून रडू लागली.

अण्णा दारात सगळं ऐकत होते. “फ्रिजात घातलंनी? हापूस? अरे देवा रे!” त्यांनी कपाळावर हात मारला. “बायो, आणखी कितींनी घातला असेल गो?”

तिने डोळे पुसले आणि कोरं पान उघडलं. समुद्र नाही, माड नाहीत, धमाका नाही. मथळ्यात लिहिलं, ‘आंबा पिकला नाही? चूक आमची होती.’

“ह्ये काय लिवतेस?” अण्णा ओरडले. “चूक कबूल करतेस? उद्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाय. चार पिढ्यांचं नाव हाय बागेचं!”

“नाव आहे म्हणूनच लिहितेय, अण्णा.”

“खोड ते!”

“नाही खोडणार. त्या बाईने बापासाठी घेतले होते आंबे.”

बापरे! या घरात सुनेने असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. भीतीने माझा पंखा घरघरायला लागला. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. ती लिहीत राहिली आणि तेवढ्यात लाइट गेली. आता आली का पंचाईत! माझ्यात होती नव्हती ती धुगधुगी एकवटून मी पडदा उजळता ठेवला. लिही गो बाय, लवकर लिही!

तिने लिहिलं ते असं: ‘आमचा आंबा आम्ही कच्चाच पाठवतो, कारण पिकलेला वाटेत फुटतो. पेटी आली की आंबे कागदावर सुटे मांडा, वर सुती कापड टाका. रोज हात लावून बघा. वास घरभर सुटला, देठाजवळ किंचित दबला, की मग खुशाल फ्रिजमध्ये ठेवा. हे आम्ही आधीच सांगायला हवं होतं. आम्हाला वाटलं, सगळ्यांना माहीत असतं. ज्यांचे आंबे वाया गेले त्यांनी मला उत्तर लिहा. मी स्वतः वाचते. निशिगंधा, मांडवी.’ खाली एकच बटण, ‘पेटी हवी’. कोकम-काजूचा उल्लेखसुद्धा नाही.

तिने पाठवायचं बटण दाबलं. आपल्या फोनचं इंटरनेट तिने मला जोडलेलं होतं. पान हलेना. गोल चक्र फिरतंय, फिरतंय. माझा जीव चालला होता, मित्रांनो, आणि मला मरायची नाही, त्या चक्राची काळजी होती. ‘पाठवले’ असं उमटलं की नाही ते मला दिसलंच नाही. मी विझलो.

जाग आली तेव्हा लाइट आली होती, उन्हं उतरली होती आणि माझ्यापुढे निशिगंधा नव्हती. चक्क अण्णा होते! चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि ओठ हलवत उत्तरं वाचत होते. पत्र गेलं होतं तर! शेजारी उभी राहून निशिगंधा फोनवरून भराभर कोणाला तरी लिहीत होती.

“ही बघ गो, ही पुण्याची इचारते, कापड नसला तर साडी चालंल काय? लिव, चालंल म्हणावं, पण सुती. आणि हा बघ, ह्याच्या घरात एसी हाय. लिव त्याला, एसीच्या खोलीत नको. लिवलंस?”

“लिहिलं, अण्णा. त्याने दोन पेट्या घेतल्या.”

“आणि नागपूरची?”

“तिचं काही नाही आलं.”

“तिला पेटी धाड. पैसे मागू नको. बापाला खाऊ दे आमचा आंबा.”

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. निशिगंधाचा चेहरा पडला. निम्म्या पेट्या अजून तशाच रचून होत्या. रावजी दारातून म्हणाला, “आत्मारामशेठ, काढा माल. पुढल्या वर्षाचंपण आजच बोलून टाकू.”

मित्रांनो, लिहिणाऱ्याला नेहमी वाटतं, समोरच्याला सगळं माहीत आहे. तसं नसतं. परगावच्या कोणाला काही पाठवाल तर आधी त्याच्या घरात जाऊन बसा, मनाने तरी. त्याला काय अडतंय ते बघा आणि तेवढंच सोपं करून सांगा. चुकलात तर चुकलो म्हणा. माझ्यासारख्या डब्याचं एवढंच मागणं आहे. आणि हो, अधूनमधून मऊ कापडाने पुसा की राव!

अण्णांनी चष्मा काढला. “अर्ध्या पेट्या ने, रावजी,” ते म्हणाले. “पुढल्या वर्षाचं मला नको इचारू. सूनबाईला इचार.”