लांब पायांचा लांडगा

नेलीला ऐनवेळी दवाखान्यात जादा पाळी लागली आणि इबेराच्या पाणथळीची सहल दोघांवरच आली. एक तिची आई ओबदुलिया आणि दुसरा तिचा नवरा लिसांद्रो. खोली सांगून ठेवलेली, चीज घातलेले चिपा, म्हणजे छोटे पाव, भाजून डब्यात भरलेले, तेव्हा सासू-जावई निघाले.

मेर्सेदेस गाव मागे पडलं, डांबर संपलं आणि लिसांद्रोने गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. दर पाच मिनिटांनी थांबायचं, दुर्बीण लावायची, वहीत टिपायचं. ओबदुलियाचं बालपण याच पाण्यातल्या एका बेटावर गेलेलं. तिला सगळ्याचं हसूच येत होतं.

"आई, ते कार्पिंचो बघा. अख्खं कुटुंब चरतंय, एकेक उंदीर डुकराएवढा."

"बघितलेत. आमच्याकडे रविवारी शिजायचे."

लिसांद्रोने वही मिटली. मग म्हणाला, "मला एकदा आगुआरा-गुआसू दिसला की बास. ही माझी सातवी खेप."

"तो लांब पायांचा लांडगा? त्याचं नाव काढलं की माझे वडील दार लावून घ्यायचे. दिसला की घरावर संकट येतं म्हणायचे."

"अहो, तो फळं खातो, उंदीर खातो. माणसाला बघून पळतो."

"आता वडिलांना कोण सांगणार?"

पुढे परवाच्या पावसाचा चिखल होता. समोरून येणाऱ्या ट्रकला वाट द्यायला लिसांद्रोने गाडी कडेला घेतली आणि ती पोटावर बसली. ट्रकवाल्याकडे दोर नव्हता. "पुढच्या वाडीवरून ट्रॅक्टर पाठवतो," एवढं सांगून तो गेला. पण स्वस्थ बसेल तो लिसांद्रो कसला. फावडं घेऊन तो गाडीखाली शिरला. ओबदुलिया रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून माते नावाच्या कडू पाल्याच्या थंड चहाचे घोट घेत बसली.

ऊन कललं होतं. गवत हललं आणि तांबूस अंगाचं, काळे मोजे घातल्यासारख्या पायांचं एक जनावर बाहेर आलं. पाय इतके लांब की शरीर उसनं आणून वर ठेवल्यासारखं. ते थांबलं आणि तिच्याकडे बघू लागलं. ओबदुलियाचा हात आपसूक गळ्यातल्या क्रूसाकडे गेला. पण त्या जनावराचे मोठाले कान थरथरत होते. तिच्यापेक्षा तेच जास्त घाबरलं होतं.

तिने पायाने लिसांद्रोच्या बुटाला टोकरलं. "बाहेर ये. हळू."

"एक मिनिट, आई. चाक सुटतंय चिखलातून."

"चाक मरू दे."

तो चिखलाने माखून बाहेर येईपर्यंत गवत मिटलं होतं. काय होतं ते तिने सांगितलं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग धावत जाऊन ओल्या मातीतले ठसे पाहिले आणि तिथेच फतकल मारून बसला. रडकुंडीला आलेला चाळिशीचा गडी पाहून तिला हसू आलं, मग वाईटही वाटलं.

"लिसांद्रो, इकडे बस. बोलू नकोस," तिने पेला त्याच्या हातात दिला. "गेला त्याच वाटेने परत येईल कदाचित."

अर्ध्या तासाने ट्रॅक्टरचा आवाज आला. लिसांद्रो उठला, चिखलातून वाकून पळत गेला आणि ट्रॅक्टर लांबच थांबवून आला.

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, इंजिन बंद कर. सासूबाईंना अंधार पडेपर्यंत बसायचंय."

"माझ्या नावावर खपवलंस होय," ओबदुलिया कुजबुजली आणि खुर्ची त्याच्या बाजूला सरकवून गवताकडे बघत बसली.